वहिनीच्या दोरीवरचे बोंबील

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. पालघरला बी.एस्सी. केलं, बोईसरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागलो, तिथेच खोली घेतली. हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही, तेव्हा तर मुळीच नाही.

दर रविवारी आम्ही पाच-सहा जण एका निवृत्त मास्तरांकडे अध्यात्माच्या चर्चेला बसायचो. मास्तर थकले होते. पुढे मंडळ कोणी चालवायचं, हे तेच ठरवणार होते. माझ्या तीन वह्या टिपणांनी भरलेल्या. मग दुसरं कोण?

एका रविवारी मी त्यांना तारापूरजवळच्या आमच्या घरी जेवायला आणलं. थोरल्या भावाची बायको, आमची वहिनी, अंगणात बोंबील टांगत होती. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती.

ओट्यावर टेकून मास्तरांनी विचारलं, "सत्य म्हणजे काय रे?"

मी वही उघडून वाचायला लागलो.

"हे मी मागच्या वर्षी बोललो होतो. आत्ता काय आहे ते सांग."

मी पान उलटलं.

"भावजी, वारा फिरला," वहिनी तिकडून ओरडली. "वास येल, पावन्यांना आत बसवा."

मास्तर उठून थेट तिच्याकडे गेले. "कसं कळलं?"

"हाताला कळतं. मगाशी कोरडा व्हता, आता ओला हाय."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या हात लावून सांगीन."

मास्तर खळखळून हसले. माझ्या टिपणांवर ते एकदाही असे हसले नव्हते. माझा जळफळाट झाला. बाह्या सरसावून मीही बोंबील टांगायला लागलो, पण डोळे मास्तरांवर. ते बघतायत का? दोन जोड्या वाळूत पडल्या.

"भावजी, बोंबलाकडं बगा! मास्तर कुटं पळत नाय."

जेवून निघताना मीच विषय काढला, "मग मंडळाचं काय?"

"पुढचे रविवार इथंच बसू," मास्तर म्हणाले. "हिच्या हाताखाली."

"बसू कशाला?" वहिनी म्हणाली. "उभं राहून टांगा."

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी अंगणात हजर झालो. वह्या खोलीवरच ठेवल्या होत्या. पण खरं सांगतो, मनात एवढंच होतं: आज वहिनीपेक्षा जास्त जोड्या टांगायच्या. वारा कुठला होता, ते मला आजही आठवत नाही.