रायपूरला पाठवायचं ठरलं होतं

उकडलेल्या धानाचा वास आला की मला सडक अर्जुनीच्या दवाखान्यातली माझी समुपदेशनाची खोली आठवते. मागेच राईस मिल होती, खिडकी लावली तरी तो वास आत यायचा. एका दुपारी एक नवराबायको समोर येऊन बसले. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाने लहान चुलतबहिणीशी नको तसं वर्तन केलं होतं. तिच्यावर उपचार सुरू होते, पोलिसांनाही कळवलं होतं. या दोघांशी मात्र घरातलं कोणी बोलत नव्हतं. "उद्या त्याले रायपूरले मामाकडं धाडून देतो," वडील म्हणाले, "डोळ्यासमोर नको मले." मी विचारलं, "मामाकडे लहान मुली आहेत?" आई खाली मान घालून म्हणाली, "दोन आहेत." वडील उसळले, "मंग काय करू, मॅडम? मारून टाकू का?" मीही थकलेली होते. म्हटलं, "मारायचं नाही, लपवायचं नाही. लहान मुलांजवळ एकटं सोडायचं नाही. आणि दर मंगळवारी त्याला इथे आणायचं." रायपूर राहिलं. दीड वर्ष ते येत राहिले. आधी वडील मुलाच्या चार पावलं पुढे चालायचे. पुढेपुढे त्याला सायकलवर मागे बसवून आणू लागले. मुलाने पुन्हा तसं काही केलं नाही. ती चुलतबहीण त्या घरी परत आली नाही, आणि तिला बोलावू नका असं मीच सांगितलं होतं. आता निवृत्त झाल्यावर वाटतं, त्या आईवडिलांना मी धीर दिला, की फक्त जन्मभर मुलाच्या पहाऱ्यावर बसवलं?