देवमासे काठाला का येतात

आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता. त्या राज्याला लांबलचक समुद्रकिनारा, पण आम्ही पार दुसऱ्या टोकाला. तलमडुगूकडच्या आमच्या गावात समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. मी तिथल्या मराठी शाळेत शिकवत होते. एकदा शाळेसाठी आलेल्या तक्त्यांच्या गुंडाळीत वाळूवर आडव्या पडलेल्या देवमाशांचं चित्र निघालं. खाली तेलुगूत, ते किनाऱ्यावर का येऊन पडतात, याची कारणं छापलेली. माझं तेलुगू वाचन अडखळत चालायचं. म्हणून तक्ता घरी आणला, आईच्या समोर बसून चित्र दाखवलं, आणि हे काठाला का येतात ते दर रविवारी तुला वाचून दाखवते, असं सांगितलं.

आई दुपारी अंगणात तूर पाखडायची, तोंड उन्हाकडे आणि पाठ माझ्याकडे. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली बाई. मी शिक्षिका झाले, दादा आदिलाबादला कचेरीत कारकून झाला, तरी कापूस वेचायला जाणं तिने सोडलं नव्हतं. दादा दर सणाला तिला शहरात न्यायला बघायचा आणि ती काहीतरी निमित्त काढून टाळायची. तिला गाव सोडायचं नव्हतं, एवढंच.

पहिलं कारण मी वाचलं. काही देवमासे आवाज सोडतात, तो आदळून परत येतो आणि पुढे काय आहे ते त्यांना कळतं. पण सपाट, हळूहळू चढत जाणाऱ्या वाळूवरून तो आवाज नीट परत येत नाही, आणि त्यांना पुढे पाणीच आहे असं वाटतं. आईने आणखी दोन सुपं पाखडली. मग वळून म्हणाली,

"मंग काऊन येतेत वं ते काठाले?"

कारण तिला पटलेलं दिसलं नाही. पुढच्या रविवारी दुसरं कारण सांगितलं, की कळपातला एखादा आजारी होऊन काठाला लागतो आणि बाकीचे त्याला सोडून जात नाहीत. आईने सूप खाली ठेवलं, वळली आणि तेच विचारलं. ओहोटी झाली, वादळं झाली, माशांच्या मागे लागून उथळ पाण्यात शिरणं झालं. आईचा प्रश्न काही हलला नाही.

मग मला कोण अभिमान! मधल्या सुट्टीत मी इतर शिक्षकांपुढे शेखी मिरवायचे, की आमची आई अंगठाबहाद्दर आहे, पण एकही कारण तिच्या गळी उतरत नाही. नवी कारणं शोधायला मी बसने आदिलाबादच्या ग्रंथालयात जाऊ लागले. शास्त्रज्ञांनाही पक्कं माहीत नाही, असं तिथल्या एका पुस्तकात वाचलं तेव्हा तर आई त्यांच्याच रांगेत बसल्यासारखी वाटली.

हिवाळ्यातलं ऊन, सुपाची लय आणि उडणारा भुसा यांनी माझे डोळे जड व्हायचे. अर्धवट झोपेत मला पैनगंगेकडून देवमासे येताना दिसायचे. जैनथची शेतं ओलांडून, काळ्या मातीवरून, ज्वारीचं एकही ताट न मोडता ते संथ यायचे आणि आमच्या कुंपणापाशी थांबायचे. आई सूप हलवत राहायची. वाचलेलं कुठलं नि दिसलेलं कुठलं, तेही मला कळेनासं व्हायचं. मी त्या दुपारी फार सुखी होते.

एका रविवारी ग्रंथालयातून उतरवून आणलेलं कारण वाचलं. समुद्रात सुरुंगासारखे मोठे आवाज झाले तर देवमाशाच्या कानाला इजा होते, ऐकू आलं नाही की तो वाट चुकतो, असं काहींना वाटतं. आई वळली नाही. मी पुन्हा वाचलं, मोठ्याने. सूप चालूच. "आई," अशी दोनदा हाक मारली. थोड्या वेळाने तिची तीच वळली, माझ्या हातातला कागद पाहून हसली आणि विचारलं, ते काठाले काऊन येतेत.

मी कागद खाली ठेवला. तिने एकही कारण ऐकलेलं नव्हतं. माझं वाचून झालं असेल अशा अंदाजाने ती वळायची आणि मला बरं वाटावं म्हणून विचारायची.

मी तिच्या पुढ्यात जाऊन बसले आणि हळूहळू विचारलं. माझ्या ओठांकडे बघत तिने सांगितलं, की मागच्या कापसापासून असं आहे. बुद्धविहारात वंदनेच्या वेळीही ती बायकांच्या ओठांवर नजर ठेवून ओठ हलवायची.

"तुह्या दादाले सांगू नको," ती म्हणाली. "इथं कोन काय बोलते ते मले न ऐकताबी समजते. तिथं मी कोनाले वळखू?"

मी मान डोलावली. वचनच दिलं म्हणा ना.

आठवडाही गेला नसेल. कापसाने भरलेला ट्रॅक्टर मागून आला, भोंगा वाजवत राहिला, आणि आई रस्त्याच्या मधून चालत राहिली. सोबतच्या बाईने दंडाला धरून ओढली म्हणून वाचली. त्या बाईने घरी येऊन सांगितलं तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

पुढच्या रविवारी दादा आला. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. आम्ही दोघं दारात बसलो. तिला ऐकू येत नाही, म्हणून बाहेर जायचीही मला गरज वाटली नाही. खालच्या आवाजात मी सगळं सांगून टाकलं. तिचे कान, तो ट्रॅक्टर, आणि आता तू तिला घेऊनच जा. तिचा जीव वाचावा असं मला वाटत होतं, हे खरं. तिच्यावर लक्ष ठेवायचं ओझं मला नको होतं, हेही तितकंच खरं. दादा खाली मान घालून ऐकत होता.

करपल्याचा वास आला म्हणून मी चुलीकडे पाहिलं. तव्यावरच्या भाकरीतून धूर निघत होता आणि आई माझ्या ओठांकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.

तिने भाकर उतरवली, पिठाचे हात धुतले, आत गेली आणि आपली लुगडी आणून दादाच्या पिशवीत भरायला लागली.