पायजम्यावरची पट्टी

सलीम फळवाल्याने त्याला ढकलले, असे मुकुंदवाडीत जो तो सांगतो. साफ खोटे! मी तिथेच उभा राहून पेरू निवडत होतो. सलीमचा हातगाडा जागचा हललासुद्धा नव्हता. मोबाइलवर तावातावाने बोलत आलेला हा आमचा पुढारी स्वतःच चाकाला अडखळून पडला, आणि सलीमनेच त्याला हात देऊन उठवले.

माणूस गोड आहे, हे मी नाकारत नाही. भेटला की वाकून नमस्कार करतो, आग्रहाने चहा पाजतो. मात्र चार गाड्यांच्या ताफ्यातून उतरतानाही उसासा टाकून म्हणतो, "आपलं कोण ऐकतंय, काका?"

त्याच संध्याकाळी चौकात सभा झाली. गुडघा जेमतेम खरचटला होता. पट्टी त्याने पायजम्यावरून बांधली होती. "आपल्याच गावात आपल्याला सुखानं चालू देत नाय हे लोक!" असे म्हणताना त्याचा गळा खरोखरच दाटून आला. बायका डोळे पुसू लागल्या. दुसऱ्या दिवशी सलीमला त्याच्या नेहमीच्या जागी गाडा लावू दिला गेला नाही.

मी त्याला सर्वांदेखत गाठले. "तू आपणहून पडलास. सलीमला त्याची जागा परत दे."

तो रागावला नाही. पट्टीवर हात ठेवून एवढेच म्हणाला, "काका, लई लागलं हो तुमचं बोलणं."

पुढच्या सभेत त्याच्यावर अन्याय करणाऱ्यांत एका म्हाताऱ्याची भर पडली. नाव त्याने घेतले नाही. लोकांनीच वळून माझ्याकडे पाहिले.