बोकडाच्या हृदयातली पट्टी

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि आमच्या प्रयोगशाळेला एकदाचा धड चालणारा फ्रीज मिळाला. माझं काम सांगायला सोपं होतं. कॅन्सरची एक गोळी पेशीत शिरून नेमकं कोणत्या प्रथिनाला धरते, ते शोधायचं. त्यासाठी औषधाच्या रेणूला एक शेपटी जोडायची आणि औषध जिथे चिकटेल तिथून शेपटी धरून ओढायचं, गळाला मासा लागावा तसं. शेपटी चुकीच्या जागी जोडली की औषध औषध राहतच नाही. ती जागा सापडण्यात माझं दीड वर्ष गेलं आणि मुळात तिरसट असलेली मी आणखीच तिरसट झाले.

तीच गोळी घरी आई खात होती. गाठ आटत होती. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत ती सगळ्यांना सांगायची, "माह्या पोरीची दवा आहे." गोळी माझी नाही, ती काय करते एवढंच मी बघते, हे मी शंभरदा सांगितलं. ऐकेल तर आई कसली!

कॅन्सरच्या पेशींत गळाला अपेक्षित तेच प्रथिन लागलं. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, खूश झाले. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. हाच गळ दुसरीकडे, समजा हृदयात, टाकला तर? एका सकाळी मी खाटकाकडे गेले.

"दिल? कुत्ते के लिए, दीदी?" त्यानं विचारलं. मी मान डोलावून हव म्हटलं.

बोकडाच्या हृदयाच्या अर्कात गळाला काहीतरी लागलं आणि तपासणीच्या जेलवर त्या प्रथिनाची एक ठळक पट्टी उमटली. आधी बिनशेपटीचं साधं औषध घातलं की ती पट्टी नाहीशी व्हायची, कारण साध्या औषधानं ती जागा आधीच अडवलेली असायची. म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं काहीतरी ही गोळी घट्ट धरत होती. आणि आई ती रोज खात होती.

आमच्याकडे एक रीत होती. तीनदा दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. उतावळेपणानं कुणाची चालू गोळी बंद पाडू नका, असं सर म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी गप्प बसले. दुसऱ्यांदाही पट्टी आली. मग रसायन संपलं आणि नवं यायला महिना लागला. त्या महिन्यात मी रोज आईकडे चोरून बघायचे. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून आलेली काळी भुकटी ती खिडकीवरून पुसायची आणि मधेच थांबायची.

"काहून थांबली?"

"काही नाही व. धूळ गेली नाकात."

मला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटवून घेतलं. आजही त्याची चीड येते.

तिसरी पट्टी उमटली त्याच दुपारी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीवर यंत्र फिरवलं, पडद्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "साँस कब से फूल रही है?"

"दो महीने से," आई म्हणाली.

पहिली पट्टी दिसली त्यालाही दोनच महिने झाले होते.

"मले काहून नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुह्या दवेचं नाव खराब झालं असतं ना."

गोळी त्याच दिवशी बंद झाली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती मधेच खाली बसली. मी शेजारी बसले. मला दोन महिन्यांपासून ठाऊक होतं, हे तिला तिथेच सांगायला हवं होतं. उद्या सांगू, असं मी ठरवलं. पुढे सांगायला ती उरली नाही.