अक्काची तोफ

अख्ख्या गंगाखेडात माझ्या थोरल्या चुलत बहिणीइतका मोबाइलवरच्या खेळांचा राग कुणी केला नसेल, आणि तिच्याइतकं मनापासून ते कुणी खेळलंही नसेल. अक्का मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवते आहे. वर्गात सापडलेला मोबाइल ती मेलेलं झुरळ उचलावं तसा चिमटीत धरून कपाटात टाकायची. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीचा मोबाइल मात्र, एवढं काय असतं त्यात हे बघायला, तिनं घरी आणला. भिंतीपलीकडच्या किल्ल्यावर तोफेचे गोळे टाकायचा खेळ होता. सातवी भिंत काही अक्काला ओलांडता येईना. चौथ्या दिवशी तिनं त्या मुलीलाच बोलावलं. भूमितीत तिला वीसपैकी दोन गुण होते.

"तोफेचं तोंड लय खाली ठिवायलाव तुमी, बाई," मुलगी म्हणाली. "तीसवर गोळा भिंतीला धडकतोय. साठवर करा, वरून जाईल. पडायची जागा तीच."

"तुला कसं कळलं?"

"दोन्ही आकडे मिळून नव्वद भरले की गोळा एकाच जागी पडतोय."

अक्का जे कोटिकोन जन्मभर फळ्यावर लिहीत आली, ते या मुलीला नाव न कळताच येत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात तोफ आली. अक्काही बिघडली. एकदा परभणीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमचा थांबा मागं गेला." ही म्हणाली, "थांबा, एक भिंत राहिलीय."

मुलीची आई मात्र शाळेत येऊन थडकली. "नापासच व्हायची असंल तर घरी कामाला येईल. त्यात तुमीच तिला मोबाइल द्यायलाव."

"दहावी होऊ द्या," अक्का म्हणाली. "नापास झाली तर घरी येऊन माफी मागीन." माफी हा शब्द अक्काच्या तोंडी आमच्या घराण्यात कुणी ऐकलेला नव्हता.

मुलगी पास झाली. ते सांगायला अक्का दुपारी आमच्याकडे आली आणि तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या डोक्यात गणित शिरायचं नाही, असं मी आजवर किती जणींना म्हटलं असेल रे?"

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. माझी बायको अक्काच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी; ते वाक्य तिनंही ऐकलेलं. पदराला हात पुसत ती बाहेर आली, अक्काशेजारी बसली आणि म्हणाली, "बाई, मला पण दाखवा की ती तोफ."

वीस वर्षांच्या संसारात तिनं अक्काला 'बाई' म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.