बुटांसकट पोहणारी मुलगी

ती केस विसरायची म्हटलं तरी हे आल्मेरे शहर मला विसरू देत नाही. निवृत्तीनंतर मी लेकीकडे इथे नेदरलँड्सला आलो आणि दर शनिवारी नातीला पोहायला नेण्याची ड्यूटी माझ्या गळ्यात पडली. या देशात पोहायला शिकवताना पोरांना अंगभर कपडे आणि पायात बूट घालून पाण्यात उतरवतात. प्रत्येकाच्या दारात कालवा, पोर पडलं तर कपड्यांतच पडणार ना!

तेव्हा मी पुण्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. घटस्फोट झालेला एक इंजिनीअर सुट्टीला आलेल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन केरळात अलेप्पीला गेला आणि एकटाच परतला. मुलगी कालव्यात बुडाली, म्हणाला. तिथल्या पोलिसांनी पाणी ढवळून काढलं, प्रेत मिळालं नाही. मुलीचा ताबा आईकडे होता. आई इथेच नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनजवळच्या बेस्ट नावाच्या गावात नोकरी करायची. ती विमानतळावरून थेट ठाण्यात आली. "साहेब, तो खोटं बोलतोय. माझी मुलगी शोधून द्या."

दुसऱ्या दिवशी टीप आली. त्याच्या सोसायटीतल्या एका काकूंनी फोन केला, "पोर गेलं म्हणतो, आणि गच्चीवर फोनवर कुणाला तरी 'जेवलीस का बाळा' विचारतो. माझं नाव नका हं घेऊ!" त्याच्या नंबरचं रेकॉर्ड काढलं, तसा एकही कॉल नाही. नुसत्या ऐकीव गोष्टीवर कुणाला आत टाकता येत नाही. मी त्याला जागा दाखवायला अलेप्पीला नेलं. आईने हट्टच धरला, तिलाही बरोबर घेतलं.

गल्लीच्या जागी कालवा, भाजीवालासुद्धा होडीतून येतो, असं ते गाव. घाटाच्या पायरीवर मी त्याला हकीगत पुन्हा पुन्हा सांगायला लावली. खरं बोलणारा माणूस दर वेळी थोडा चुकतो, आठवतो, दुरुस्त करतो. हा पठ्ठ्या शब्दसुद्धा बदलत नव्हता. "फ्रॉक भिजून जड झाला, पायात बूट. हात मारले, बाबा म्हणाली आणि गेली. पोहता येत नव्हतं हो तिला."

आई गर्रकन वळली. "काय येत नव्हतं?"

"पोहता."

"अरे, डिप्लोमा आहे तिला! कपडे-बूट घालून परीक्षा दिलीय तिने, मी बाकावर बसून पाहिलंय. फोटो पाठवला होता तुला!"

"कधी?" तो म्हणाला.

पोहणारेही बुडतात, हे मला कळतं. पण त्याने जे पोर बुडताना पाहिलं, ते त्याच्या डोक्यातच होतं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मी आईला लांब पाठवलं आणि त्याच्यासमोर बसलो. "आता बोल." फार वेळ लागला नाही.

मुलगी गावालगतच्या मोठ्या तलावापलीकडे, त्याच्या एका मित्राच्या घरी होती. दुसरं सिमकार्डही निघालं. आईने शोध थांबवावा म्हणून इकडे मुलीला मारलं होतं. मुलीने आई मागू नये म्हणून तिकडे 'आई वारली' सांगून आईला. नालायकाने दोघींनाही जिवंतपणी मारलं! वर म्हणतो, "मला माझी मुलगी हवी होती, साहेब."

स्थानिक पोलिसांची बोट घेतली. आई पुढे उभी. पलीकडच्या पायरीवर मुलगी पाण्यात खडे टाकत बसली होती. तिने वर पाहिलं. क्षणभर तिचा विश्वासच बसेना. मग "आई!" अशी किंकाळी आणि धप्प!

"अगं बाई, पडली!" पुण्याहून माझ्याबरोबर आलेली महिला शिपाई ओरडली.

पडली कसली! फ्रॉक, बूट, सगळ्यासकट जलपर्णी बाजूला सारत ती बोटीकडे येत होती. आई हसत होती, रडत होती, हात पुढे करत होती. माझ्या शेजारी बसलेला बाप टक लावून पाहत होता. आपली मुलगी पोहताना त्याने पहिल्यांदाच पाहिली.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे. एखाद्याची खरी माहिती हवी असेल, तर त्याच्यासाठी तासन् तास बाकावर बसून कंटाळलेल्या माणसाला विचारावी.

गेल्या शनिवारी मी पोहण्याच्या तलावाच्या काचेबाहेर तसल्याच एका बाकावर मोबाईल चाळत बसलो होतो. नात पाण्यातून ओरडली, "ओपा, कैक!" म्हणजे, आजोबा, बघा. मी मोबाईल खिशात टाकला आणि तिचं पोहणं संपेपर्यंत बघत राहिलो.