वसीमची गोळी

मलकापूरच्या समीना मुलाणीचा धाकटा भाऊ वसीम वायरमन. टीबीच्या औषधानं त्याचा खोकला गेला होता, अंग भरू लागलं होतं. अशात एका दुपारी मोटारीचा स्टार्टर उघडून बसल्या-बसल्या त्यानं हाक मारली, "आपा, ह्यातली लाल वायर कंची गं?"

समीनाला थट्टा वाटली. पण त्याचं बोट हिरव्या वायरवर होतं.

"हात काढ! हात काढ आधी!" ती किंचाळली.

समीना कऱ्हाडच्या एका कॉलेजात संशोधन करायची. घडण तीच, पण डाव्या-उजव्या हातासारखे उलट असे रेणू ओळखणं हे तिचं काम. यंत्र द्रावणातून दोन तऱ्हांचा प्रकाश सोडतं, एक डावा पीळ घेत जाणारा, एक उजवा. रेणू त्यातला एक जास्त शोषतो, दुसरा कमी. त्या फरकाची रेघ एका हाताच्या रेणूला वर चढते, उलट हाताच्या रेणूला खाली उतरते. वसीमच्या गोळ्यांत एथाम्ब्युटॉल होतं. त्याचा एक हात टीबीला मारतो. दुसरा टीबीला फारसा लागतच नाही, डोळ्यांना मात्र इजा करतो, हे तिनं वाचलं होतं. गोळीत तोच मिसळला असला तर?

रात्रभर तिला झोप नाही. घरात कुणाला सांगायचीही हिंमत झाली नाही. सकाळी कॉलेजात तिनं गोळीची पूड विरघळवली, रंगहीन औषध यंत्राला दिसावं म्हणून तांब्याचा क्षार घातला. द्रावण निळंशार झालं. घाईत पहिली नळी सांडली, तिनं दुसरी भरली.

पडद्यावर रेघ उमटली. शुद्ध औषधाच्या रेघेवर तंतोतंत बसली.

"गोळी चोख आहे," तिच्या मार्गदर्शक संयोगिता मॅडम म्हणाल्या.

"मग त्याला लाल का दिसत नाही?"

"अगं, चोख औषधही कुणाकुणाच्या डोळ्यांना बाधतं. तू इथं काय करतेस? त्याला डॉक्टरकडं ने आधी!"

समीना तशीच पळाली. सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर वसीमला मोठी अक्षरंही धड वाचता येईनात. ती गोळी त्याच दिवशी बंद झाली, टीबीच्या डॉक्टरांनी दुसरं औषध बसवून दिलं.

"नजर परत येईल ना?" तिनं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं.

"बहुतेकांची येते. सगळ्यांचीच येते असं नाही."

पुढचे कितीतरी आठवडे ती त्यातल्या पहिल्या वाक्यावर जगली. हळूहळू अक्षरं परतली, मग रंग. फिकट लाल मात्र अजून त्याला राखाडीच दिसतो. तपासणीला जाताना दवाखान्याच्या पायरीवर ती अजून त्याचा दंड घट्ट धरते.

"सोड की आपा, दिसतंय मला."

ती सोडत नाही.